न मरणारा हत्ती आणि रडका बेडूक

एका जंगलात, बाळांनो, दर सोमवारी जगाचा नाश व्हायची वेळ यायची आणि दर सोमवारी ती टळायची. टाळणारा होता एक हत्ती.

खराखुरा हत्ती नव्हे, सागाच्या पानावर काढलेला. त्याचं नाव महागज. गळ्याला लाल उपरणं बांधून तो आकाशात उडायचा आणि चड्डी विजारीच्या वरून घालायचा. असं का, हे कोणी विचारत नसे. तुम्हीही विचारू नका. मोठ्यांच्या दैवतांना कपड्यांवरून बोलू नये.

त्या जंगलातून एक नदी वाहत होती. मावळतीच्या काठावर एक वड होता आणि वडाखाली चित्रमंडळ होतं. मंडळाचा अध्यक्ष होता अस्वल. सोमवारी बाजार भरला की मंडळ महागजाच्या गोष्टीची रंगीत पानं पारंब्यांना टांगायचं. जनावरं पानं बघायची आणि जाताना थोडा मध ठेवून जायची. अस्वलाला मध आवडायचा, म्हणून त्याला महागजही आवडायचा.

ही पानं गोंदाजी नावाचा साळिंदर काढत असे. त्याला लेखणी शोधावी लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटायचा, करवंदाच्या रसात बुडवायचा आणि रेघ ओढायची. उपटताना दुखायचं. पानाखाली मात्र त्याचं नाव नसे, नुसतं 'चित्रमंडळ' असे. गोंदाजीच्या आधी एक मुंगूस महागज काढायचं, त्याच्याआधी एक खार. त्या दोघांची नावं आता कोणालाच आठवत नव्हती.

मंडळाचे नियम सोपे होते. महागजाला सुरकुती पडायची नाही. त्याचं लग्न व्हायचं नाही, आणि चुकून झालंच तर पुढच्या सोमवारी ते स्वप्न ठरायचं. तो मेला तर चालेल, पण बाजार भरायच्या आत उठून बसला पाहिजे. असा तो कितीतरी वेळा मेला होता. जनावरांना पाठीवरून नदीपार नेणारी एक म्हातारी कासवीण होती. ती पहिल्या वेळी ढसाढसा रडली होती. नंतर तिने रडणं सोडून दिलं.

गोंदाजी म्हातारा झाला. काटे पिकले, डोळ्यांना अंधारी येऊ लागली. एक दिवस तो अध्यक्षांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, एकदा महागजाला म्हातारा होऊ द्या. त्याला नीट मरू द्या. मला एकदा तरी शेवटचं पान काढायचंय."

"गोंदाजी, हत्ती तुझा आहे का?"

"काटे माझे आहेत."

"काटे तुझे, हत्ती मंडळाचा," अस्वल मिशीवरचा मध चाटत म्हणाला. "आणि मेलेल्या हत्तीपुढे मध कोण ठेवणार रे?"

गोंदाजी परत कामाला बसला. त्या सोमवारी जग पुन्हा वाचलं.

आता उगवतीच्या काठावर काय चाललं होतं, ते ऐका.

तिथे एक बगळा होता. एका पायावर पाण्यात उभं राहून तो एकटाच गोष्ट काढायचा. रंगबिंग काही नाही. चिखलाची शाई आणि पळसाची साधी पानं. उगवतीचे लोक उजवीकडून डावीकडे वाचत, म्हणून त्याची गोष्ट आपल्या शेवटच्या पानाकडून सुरू व्हायची.

त्याचा नायक होता एक बेडूक. एवढुसा जीव, आणि डोळे इतके मोठे की त्यांत अख्खं तळं मावावं. तो हरायचा. हरला की रडायचा. रडून झालं की वाडगाभर गांडुळं ओरपायचा, सराव करायचा आणि पुन्हा हरायचा. त्याने दसऱ्याला मारलेली उडी दिवाळीला खाली यायची. मधल्या काळात हवेतल्या हवेत त्याला आपलं लहानपण आठवायचं, मग तो मैत्रीवर भाषण करायचा. समोरचा शत्रूही हवेतच असायचा. तो बिचारा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा.

हसू नका. त्या बेडकाची एक गोष्ट महागजाकडे नव्हती. तो मोठा होत होता. त्याची शेपटी गळून पडली, आवाज फुटला. पुढे त्याचा गुरू मेला, आणि मेलेला गुरू मेलेलाच राहिला. पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कासवीण कितीतरी वर्षांनी पुन्हा रडली.

मग काजव्यांनी हौस केली. संध्याकाळ झाली की ते खडकावर ओळीने बसत आणि अशी उघडझाप करत की बेडूक खडकावर खरोखरच उडी मारताना दिसे. झालं! मावळतीची पोरं वेडी झाली.

ससे अंगाला हिरवा पाला चिकटवून हिंडू लागले. खारी डोळ्यांभोवती काजळाची मोठी वर्तुळं काढू लागल्या. बेडकाच्या गोष्टीत मान द्यायचा तर नावापुढे 'क्वा' लावत, म्हणून इथेही सगळ्यांना क्वा लागला.

"आई-क्वा, जेवायला वाढ," वानरिणीचा थोरला म्हणाला.

"मेल्या, वानरासारखं बोल की!" वानरीण ओरडली. "आणि फणसाला नाक मुरडून गांडुळं कसली मागतोस?"

घरोघरी भांडणं लागली. म्हातारे म्हणायचे, आमचा महागज म्हणजे संस्कार, तुमचा बेडूक नुसता मुळूमुळू रडतो. तरुण म्हणायचे, बेडकात खोली आहे, त्याच्या गोष्टीला शेवट आहे, तुम्हाला नाही कळायचं. या म्हाताऱ्यांनी महागजाचं पान बघून कैक वर्षं झाली होती. या तरुणांपैकी एकही खऱ्या बेडकाशी कधी दोन शब्द बोलला नव्हता. बोलले असते तर त्यांना कळलं असतं की बेडूक मैत्रीवर भाषण करत नाही, मित्राला खातो.

एक कावळा होता. तो चित्रकथांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता. सकाळी तो या काठावर बेडकाचा धोका सांगायचा आणि दुपारी त्या काठावर हत्तीचा अस्त. जेवण दोन्हीकडे व्हायचं.

इकडे वडाखालचा मध आटला, तशी मंडळाची बैठक बसली. बैठकीत ठरलं की अभ्यासदौरा काढावा. अस्वल आणि कावळा कासविणीच्या पाठीवर बसून नदीपार गेले. तिथे त्यांनी भरपूर मासे खाल्ले आणि येताना आठवण झाली म्हणून बगळ्याला विचारलं, "तुमच्या बेडकाचं रहस्य काय?"

बगळ्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, "माझा बेडूक मरणार आहे. कुठल्या पानावर, ते मला पहिल्या पानापासून ठाऊक आहे."

"वा, वा," अस्वल म्हणाला.

कावळ्याने अहवाल दिला. त्यात होतं, 'डोळे मोठे. पानं उलटी.'

मंडळ कामाला लागलं. गोंदाजीला महागजाचे डोळे कलिंगडाएवढे करायला लावले. नवी गोष्ट रचायला वेळ कोणाला होता? जुनीच पानं उलट्या क्रमाने टांगली. सोमवारी सगळं जंगल लोटलं. पहिल्या पानावर महागज हात जोडून सगळ्यांचा निरोप घेत होता. मग जग वाचलं. मग त्याने आकाशातून राक्षसाला अलगद खाली आणला आणि वस्तीच्या मधोमध नीट उभा केला. मग जंगल पेटलं. शेवटच्या पानावर महागज आपल्या गुहेत गाढ झोपला होता.

पोरं हसून हसून लोळली. अस्वल मात्र रडकुंडीला आला. त्याने गोंदाजीला बोलावलं.

"ठीक आहे. मार त्याला. कायमचा मार. पण गाजावाजा करून."

गोंदाजीला खरं वाटेना. त्याने पाठीवरचा सर्वांत लांब, जपून ठेवलेला काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं की आनंदाचं, त्यालाच कळलं नाही.

पुढच्या सोमवारी एकच पान टांगलं गेलं. त्यात महागज म्हातारा होता. राक्षस नव्हता, आग नव्हती. तो नदीवर आला, गळ्यातलं उपरणं सोडलं, दगडावर धुतलं आणि निवडुंगावर वाळत घातलं. मग त्याच्या सावलीत टेकून बसला. शेवटच्या चित्रात उपरणं वाळलं होतं आणि ते काढून न्यायला कोणी उठलं नव्हतं.

म्हातारे रडले, हिरवा पाला चिकटवलेले ससेही रडले. वानरिणीने मुलाचा हात धरला आणि त्याने तो सोडवून घेतला नाही. वडाखाली मधाची पोळी रचली गेली.

अस्वलाने मध चाखला. फारच गोड होता.

त्याच्या पुढच्या सोमवारी महागज परत आला. वाळत घातलेलं उपरणं म्हणे दुसऱ्याच हत्तीचं होतं! गोंदाजीने हे पान काढायला साफ नकार दिला, म्हणून मंडळाने पोपटाला नेमलं. पोपट रेघेला रेघ मिळवायचा आणि प्रश्न विचारायचा नाही.

गोंदाजीने वड सोडला. कासविणीच्या पाठीवर बसून तो उगवतीला निघाला. तिथे गोष्टींना शेवट असतो, असं त्याने ऐकलं होतं.

बगळा पाण्यात तसाच उभा होता. पण पार वाळला होता. पिसं शाईने काळी झाली होती, चोच थरथरत होती. पुढ्यातून मासे जात होते आणि ते टिपायला त्याला फुरसत नव्हती.

"बगळेकाका," गोंदाजीने विचारलं, "बेडूक कधी मरणार?"

"ते पान केव्हाच येऊन गेलं."

"मग?"

"पोरांनी मोर्चा आणला. तुमच्या काठावरूनसुद्धा आली होती. पुढे एक वानर होता. म्हणाला, बेडूक-क्वा मेला तर आम्ही जगून काय करू?" बगळा धापा टाकत होता. "काजवे म्हणाले, खडक रिकामा राहील. आणि मंडळाचं ऊदमांजर म्हणालं, अजून थोडी पानं."

"म्हणजे तुमच्याकडेही मंडळ आहे?"

"मध असेल तिथे अस्वल येतो. आमच्याकडे मासे आहेत, म्हणून ऊदमांजर. तुझा हत्ती मरत नाही आणि माझ्या बेडकाला मरू देत नाहीत. एवढाच काय तो फरक."

गोंदाजीने पाठीवरचा एक काटा उपटून बगळ्याला दिला आणि एक स्वतः घेतला.

दोघांनी मिळून एकाच पानावर एक गोष्ट काढली. त्यात महागज आणि बेडूक, दोघंही म्हातारे, नदीतल्या खडकावर शेजारी बसले होते. कोणी उडत नव्हतं. कोणी भाषण करत नव्हतं. ते थोडं बोलले, थोडे हसले. शेवटच्या चित्रात नुसता खडक होता. खाली दोघांनी आपापलं नाव घातलं. गोंदाजीला स्वतःचं नाव लिहायची सवय नव्हती, ते जरा वाकडं आलं.

कासवीण नदीच्या मधल्या ज्या खडकाशी थांबायची, तिथे त्यांनी ते पान लावलं. बातमी पसरली आणि दोन्ही काठ खडकावर लोटले.

"डावीकडून वाचा!" मावळतीचे ओरडले.

"उजवीकडून! नाहीतर अर्थाचा अनर्थ होईल!" उगवतीचे ओरडले. वानरिणीचा मुलगा त्यांच्यात सर्वांत पुढे होता.

कावळ्याने मधल्या चित्रापासून सुरुवात करून दोन्हीकडे वाचत जावं, अशी सूचना मांडली. दोन्ही बाजूंनी त्याला चोपला. मग ढकलाढकली झाली. शेपट्या ओढल्या गेल्या, कान चावले गेले, आणि त्या गर्दीत पान सुटून पाण्यात पडलं. ते एकानेही वाचलं नव्हतं.

पान वाहत कासविणीपाशी आलं. तिने ते डावीकडून वाचलं, मग उजवीकडून वाचलं. दोन्हीकडून तिला सारखंच रडू आलं. मग ते बुडालं.

"बरं झालं," गोंदाजी म्हणाला. "आता त्या दोघांना कोणी परत आणू शकणार नाही."

बगळ्याने मान हलवली.

त्याच आठवड्यात बगळा मेला. पाण्यात, एका पायावर, उभ्या उभ्या. पुष्कळ वेळ कोणाला कळलंच नाही, कारण बगळा जिवंतपणीही तसाच उभा असतो.

सोमवारी दोन्ही मंडळांनी मिळून नवी गोष्ट काढली. नदीच्या तळातून महागज उसळून वर आला, त्याच्या डोक्यावर बेडूक होता, आणि दोघांनी मिळून जगाचा नाश टाळला. पानं पोपटाने काढली होती. मध आणि मासे वडाखाली मावेनात. बगळ्याला उठवायचा ठराव मात्र कोणीच मांडला नाही.

गोंदाजीने काठावर नखांनी खड्डा खणून त्याला पुरलं. तिकडून हिरवा पाला चिकटवलेला वानर बाजाराला निघाला होता. तो थांबला.

"कोण गेलं, आजोबा-क्वा?"

"बगळा."

"कोण बगळा?" असं म्हणून तो धावत सुटला. पहिलं पान चुकू नये म्हणून.

तात्पर्य : गोष्ट डावीकडून वाचावी की उजवीकडून, यावर जन्मभर भांडावे, गोष्ट वाचू नये. आणि बाळांनो, मोठेपणी चित्र व्हा, चित्रकार होऊ नका. चित्र मेले तर सोमवारी उठते.