रोहिदासाचा मान

मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण नाहीसं झालं. चौकशी झाली नाही, कारण गेलेल्या वस्तूच्या मागे लागू नये, असं गल्ली सुधारणा समितीचं धोरण होतं. इरावतीचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. तिची चार वर्षांची अवंतिका चालत अशी नसेच, नुसती पळे. आणि तिची शाळेची रिक्षा नेमकी त्या चेंबरपाशी थांबे.

समितीच्या बैठकीची पद्धत ठरलेली. आधी पोथीतली एक कथा, मग तक्रारी, आणि तक्रारीचं उत्तर त्याच दिवशीच्या कथेतून. कामकाज कसं झटपट उरके. त्या दिवशी हरिश्चंद्र होता. सत्यवचनी राजा, राज्य गेलं, बायको विकली, मुलाला साप चावला. अध्यक्ष त्र्यंबकरावांनी पोथी मिटून चष्म्यावरून पाहिलं.

“बोला वहिनी.”

“चेंबरला झाकण हवंय.”

“आत्ता काय ऐकलंत? देव चांगल्यांचीच परीक्षा घेतो. गल्ली चांगली, म्हणून झाकण गेलं.”

“मग तुमच्या दारात नवं कसं बसलं?”

“आमचं पुण्य कमी पडलं,” त्र्यंबकराव खिन्नपणे म्हणाले.

इरावती बसली, पुन्हा उठली. “परीक्षा हरिश्चंद्राची होती ना? मग साप रोहिदासाला का चावला? त्या पोराचं काय चुकलं होतं?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

“शेवटी जित्तं झालं की पोरगं,” शेजारच्या तानाबाई म्हणाल्या.

“आणि तोवर तारामतीनं काय करायचं?”

“रडायचं की. दुसरं काय?”

पुढच्याच आठवड्यात गल्लीतले गणपतराव चेंबरात पडले. पाय मोडला. समितीनं तातडीनं पावलं उचलली: शाल, श्रीफळ आणि ‘सज्जन’ असं कोरलेलं स्मृतिचिन्ह. प्लॅस्टरला हार घातल्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर फिरला. त्यातून पेच उभा राहिला. बाकीची गल्ली धडधाकट होती. म्हणजे सज्जन नव्हती. संध्याकाळी चेंबरपाशी रांग लागू लागली. हातकणंगल्याहूनही माणसं यायला लागली, तेव्हा गल्लीला बोलावंच लागलं. “पावणं, आधी आमची पाळी हाय. तुमच्या गावात खड्डं न्हाईत व्हय?”

एका दुपारी इरावतीनं स्वयंपाकघरातला पाटा ओढत नेला आणि चेंबरवर टाकला. घाम पुसून होतो न होतो, तोच बोलावणं आलं.

“वहिनी, देवाच्या परीक्षेत तुम्ही अडथळा आणलाय,” त्र्यंबकराव म्हणाले. “तरी समिती मोठ्या मनाची आहे. प्रश्न तुम्हीच काढलात, तेव्हा रोहिदासाचा मान आपल्या अवंतिकाला द्यायचं ठरलंय. पाटा काढायला माणसं गेलीत.”

टाळ्या झाल्या. तानाबाई पुढे येऊन इरावतीची ओटी भरू लागल्या. शाळा सुटायची वेळ झाली होती. ओटीतला नारळ तिथंच टाकून इरावती पळत सुटली.

रिक्षातून तिनं अवंतिकाला जे कडेवर घेतलं, ते अजून खाली ठेवलेलं नाही. बाई मागच्या जन्मीचं काहीतरी फेडतेय, असं गल्ली म्हणते.

तुम्ही इथवर हसत वाचलंत. म्हणजे तुमच्या दारातलं झाकण शाबूत आहे.