साबणाला डेंग्यू

सुमनताईंनी किटली पुढे केली, तेव्हा नवनाथने एकच विचारलं, "पेशंट कोण?"

पावसाळा सरत आला की रावेत-पुनावळ्याच्या टॉवरांमधून डेंग्यू हिंडायला लागतो. शेळीच्या दुधाने रक्तातल्या पेशी वाढतात, अशी सगळ्यांची श्रद्धा. डॉक्टर काहीही म्हणोत, नवनाथच्या गोठ्यापुढे रांग लागतेच. तो पुनावळ्याच्या जुन्या घरातला. जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, पण दोन इमारतींमधल्या बोळात त्याने आपल्या शेळ्या मात्र राखल्या होत्या.

"ह्या दिसांत दूध फकस्त पेशंटला," तो म्हणाला. "काल एक बाई च्यासाठी मागत व्हती. न्हाई म्हणलं."

चहाला नाही म्हणणारा माणूस साबणाला काय म्हणाला असता? आणि सुमनताईंना दूध हवं होतं ते साबणासाठीच. लेकीचा, दिपालीचा, पहिला दिवाळसण जवळ आला होता. लग्नात विहीणबाई विजयश्री लाडवाचा तुकडा मोडून म्हणाल्या होत्या, "विकतचे वाटतं? आमच्याकडे सगळं घरीच असतं हो." तो 'हो' सुमनताईंना अजून टोचत होता. त्या भरात त्या परवा फोनवर बोलून बसल्या, "यंदा तुम्हाला आंघोळीचा साबणसुद्धा आमच्या घरचा. शेळीचं दूध आणि मध घातलेला." आता घटस्थापनेच्या आधी साबण झाला, तरच दिवाळीपर्यंत महिनाभर वाळणार होता.

"पेशंट... आमचे हे," त्या पुटपुटल्या.

मागे शेजारचे बरकतभाई उभे होते. त्यांच्या गॅरेजमधल्या कारागिराला डेंग्यू झाला होता. "उद्धवरावांना?" ते म्हणाले. "सकाळी तर जिन्यात भेटले."

"सकाळी नव्हता," सुमनताई म्हणाल्या.

दूध घेऊन त्या पायी निघाल्या. वाटेत त्यांना कासारवाडीची चाळ आठवली. नव्या संसारात दिवाळीला वासाचा साबण एकच यायचा. त्या तो दोऱ्याने कापायच्या. अर्धा नरकचतुर्दशीला, अर्धा राखून ठेवायला. कापडात गुंडाळलेला तो अर्धा तुकडा ट्रंकेतल्या लुगड्यांना वर्षभर वास देऊन जायचा. आता न्हाणीघरात बाटल्यांची रांग असते, पण वास कशाचाच लक्षात राहत नाही. अशा आठवणीत रमलेल्या माणसाची चाल मंद होते. बरकतभाई स्कूटरवर होते.

त्यामुळे सुमनताई घरी पोचल्या तेव्हा उद्धवराव कपाळावर ओलं फडकं घेऊन सोफ्यावर आडवे होते, आणि बरकतभाईंची बायको फरीदा पपईच्या पानांच्या रसाचा ग्लास घेऊन उशाशी उभी होती.

"सुमन," उद्धवराव म्हणाले, "मला डेंग्यू झालाय हे मला कोणी सांगणार होतं का?"

चाकणच्या कंपनीत तपासणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. आजारपणाची रजा त्यांनी कधी घेतली नव्हती.

"भाभी, लपवायचं कशाला? आम्ही काय परके आहोत?" फरीदा म्हणाली. "आणा ते दूध. ताजं आहे तोवर जाऊ दे पोटात."

सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी विनवणी होती, की उद्धवरावांनी काही न विचारता ग्लास तोंडाला लावला. घोटाघोटाने साबण त्यांच्या पोटात चालला होता.

"उग्र लागतं ना? मध घालते," फरीदा म्हणाली. ओट्यावरची बाटली तिला दिसलीच होती.

ती गेल्यावर उद्धवरावांना खरं कारण कळलं. "म्हणजे मी साबण प्यालो," ते म्हणाले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'लवकर बरे व्हा' सुरू झालं. दारात किवीची खोकी येऊन पडली. फवारणीवाला घरभर धूर करून गेला. धुराने उद्धवराव खोकले, तर फरीदा म्हणाली, "बघा, वाढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ स्वतः किटली घेऊन दारात. "पेशंटला खाडा नको," म्हणाला, आणि आत न डोकावता निघून गेला. सुमनताईंना क्षणभर लाज वाटली. मग त्यांनी आतून कडी घातली आणि दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतलं. दूध गोठवलं नाही तर साबणाच्या कॉस्टिक सोड्याच्या उष्णतेने करपतं, असं व्हिडिओतल्या बाईने बजावलं होतं.

दुपारी दूध गोठलं. सोडा, खोबरेल, वजनकाटा, सगळं मांडून झालं, आणि बेल वाजली. दारात दिपाली, आणि तिच्यामागे तळेगावहून आलेल्या विजयश्रीबाई. फरीदाने दिपालीला फोन केला होता.

"आम्हाला कळवायचं नाही?" विजयश्रीबाई म्हणाल्या. "थांबा, मी पेज करते." आणि सुमनताई वाटेत आडव्या यायच्या आत त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"विहीणबाई, हा दुधाचा बर्फ?"

"ह्यांना गार लागतं."

"तापात? आणि हा वजनकाटा? हा सोडा?"

सोफ्यावर दिपालीने बापाच्या हातात फरीदाचा नवा हिरवा ग्लास दिला होता. तिथे त्यांचा धीर सुटला. "मी ठणठणीत आहे," ते ओरडून म्हणाले. "आजारी असलाच तर साबण आहे."

मग सुमनताईंना सगळं सांगावं लागलं. लाडू, तो 'हो', फोन, किटली. सांगून झाल्यावर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. लेकीच्या सासरी आता वर्षानुवर्षं ही गोष्ट चवीने सांगितली जाणार, हे त्यांना दिसत होतं.

विजयश्रीबाई बर्फाकडे बघत राहिल्या. "मला साबण द्यायला तुम्ही ह्यांना डेंग्यू दिलात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला. "आमच्या घरच्या चकल्या कोपऱ्यावरच्या सुभद्राबाईंच्या असतात. डब्यात मी भरते, तेवढं घरचं."

दिपालीने छताकडे पाहिलं. सासरी गेल्यापासून ती त्या घरच्या चकल्यांचं कौतुक करत होती.

उद्धवरावांनी कंपनीतले हातमोजे आणि चष्मे काढून दिले, खिडक्या सताड उघडल्या. विहिणींनी आळीपाळीने साबण घोटला. उरलासुरला मध शेवटी घातला. विजयश्रीबाई त्या रात्री राहिल्याच, कारण घट्ट झाल्यावर वड्या कशा पाडतात ते त्यांना बघायचं होतं. सुमनताईंनी दोरा काढला.

दिवाळीला साबण जरा तांबूस निघाला, पण फेस छान झाला. एक वडी सुमनताईंनी नवनाथला नेऊन दिली. त्याने ती नाकाशी धरली. "ही चंद्री," एवढंच म्हणाला आणि गोठ्यातल्या काळ्या शेळीकडे बघितलं. सुमनताई खाली मान घालून परत आल्या.

भाऊबीज झाली आणि उद्धवरावांना खराच ताप आला. डॉक्टर म्हणाले, साधा आहे, उतरेल. फरीदाने ऐकलं नाही. सुमनताई पुन्हा किटली घेऊन उभ्या राहिल्या.

"पेशंट कोण?"

"साहेब. या वेळी अगदी खरंच."

"व्हय, व्हय." नवनाथने किटली काठोकाठ भरली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण ताई, ह्या बारीला सायबांना जरा वाळ्याचा वास घाला. मागच्या सायबांना लई शेळीचा येत व्हता."