गुणाजीने फिरवलेली पृथ्वी

एका जंगलात, बाळांनो, शेण फार पडायचं. नाकं कसली मुरडता? ऐकायचं नसेल तर उठा आणि जा झोपायला!

त्या शेणाचे गोळे करून मातीत पुरायचे, हे शेणकिड्यांचं काम. पुरण्याआधी शेणकिडीण गोळ्यात अंडं घाली. पिल्लू आतच जन्मे आणि भिंती खात खात मोठं होई. सगळं झकास चाललं होतं.

मग वाघोबांना सुधारणेचा झटका आला. त्यांनी गवा खातं, सांबर खातं आणि हत्ती खातं एकत्र केलं. बाकीच्या शेणकिड्यांना नारळ दिला. उरला एकटा गुणाजी.

"महाराज, हत्तीचं शेण एकट्याला नाही हो ढकलवत," गुणाजी रडकुंडीला येऊन म्हणाला. "एखादा गडी तरी द्या."

वाघोबांना फार वाईट वाटलं. त्यांनी गडी नाही दिला. बगळा दिला.

हे बगळेसाहेब एका पायावर उभे राहून इतरांच्या कामात अर्थ शोधून देत.

"गुणाजीराव, डोळे मिटा," ते म्हणाले. "तुम्ही शेण ढकलत नाही. तुम्ही पृथ्वी फिरवता!"

"अगं आई गं! मी?" गुणाजीच्या अंगावर काटा आला.

झालं! गुणाजी हवेतच गेला. जेवेना की झोपेना. आपण थांबलो तर दिवस कसा उगवणार? मागच्या पायांनी गोळा ढकलत तो जंगलभर उलटा पळू लागला. पुरायचं तर नावच नाही.

मागून त्याची बायको धुरपा धापा टाकत धावत होती. तिचे दिवस भरले होते.

"अहो, थांबा! अंडं घालायचंय मला!"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गोळ्यात! दरवर्षी काय झाडावर घालते?"

"पृथ्वीला भोक पाडतेस? अगं, समुद्र सांडतील!"

"सांडू देत मेले! उघड्यावर घातलं तर मुंग्या नेतील हो माझं लेकरू!"

धुरपा रडायला लागली. गुणाजीलाही रडू आलं. पण पृथ्वी ती पृथ्वी. तो रडत रडत ढकलत राहिला.

वाघोबा खूश! त्यांनी गुणाजीचा सत्कार ठेवला. गुणाजी हार घ्यायला पुढे झाला, तेवढ्यात धुरपाने गोळा पळवला, अंडं घातलं आणि अख्खी पृथ्वी मातीत गाडून टाकली.

"पळा!" गुणाजीने हंबरडा फोडला. "आता उद्या उगवत नाही!"

एकच धांदल उडाली. हरणं सैरावैरा पळाली. बगळेसाहेब तर चक्क दोन्ही पायांवर पळाले.

आणि सकाळ झाली. रोजच्यासारखी.

गुणाजीने सूर्याकडे पाहिलं. मग पुरलेल्या गोळ्यावर निवांत बसलेल्या धुरपाकडे पाहिलं. "आईशप्पथ!" एवढंच म्हणाला आणि तिथेच आडवा झाला.

दुपारी वाघोबा आले. घसरून पडले होते. शेपटीपासून मिशांपर्यंत शेण.

"गुणाजी! हे कोण उचलणार?"

गुणाजीने एक डोळा उघडला.

"महाराज, आज थोडी पृथ्वी तुम्हीही फिरवा की," तो म्हणाला आणि कूस बदलून घोरू लागला.

तात्पर्य : तुमचं काम फार महान आहे, असं साहेब सांगू लागले, की आधी शेजारी कोण कोण उरलंय ते बघून घ्यावं.