कोहमाऱ्याची सात घड्याळं

कोहमाऱ्याला हायवेच्या चौकात ढाब्यांची रांग आहे. त्या रांगेमागे गणवीर मास्तरांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीच्या भिंतीवर सात घड्याळं आहेत. सातही गोल, पांढरी, प्लॅस्टिकची, गोंदियाच्या बाजारातून आणलेली. सातही एकच वेळ दाखवतात आणि ती वेळ चुकीची असते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि भिंतीवर सात ठिकाणी साडेदहा. मला वाटलं, बंद पडली असतील. पण सातही टकटक करत होती, आणि बाहेर ट्रकांचे हॉर्न चालले होते ते वेगळंच.

"सर, ही घड्याळं..." मी म्हटलं.

"सर कायले म्हनतेस? मी शाळेत नव्हतो, पोस्टात होतो. अना घड्याळाचं तुले काय करायचं हाय? कागद दाखव."

अशी आमची ओळख झाली. या माणसाचा मला पहिल्या मिनिटाला राग आला आणि खोटं कशाला बोलू, तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. ज्या माणसाकडे आपण अडलेले असतो त्यानं निदान बसा म्हणावं. मास्तर म्हणत नाहीत. खुर्ची एकच आहे आणि तीवर ते स्वतः बसतात.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. युरोपातल्या विद्यापीठांशी त्यांचा संबंध एका पाकिटामुळे आला. चौकातल्या पंक्चरवाल्याचा मुलगा आशिष इंजिनिअर झाला होता. तो जर्मनीला पाठवायचे कागद घेऊन त्यांच्या खिडकीवर उभा राहिला. मास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पत्ता वाचला आणि म्हणाले, "फोड."

"काऊन?"

"पत्ता असा अर्धा लिवतोस, तं आत काय लिवलं असशीन."

आशिषनं चिडून पाकीट फोडलं. विद्यापीठानं शिफारसपत्र मागितलं होतं. यानं कॉलेजमधून चारित्र्याचा दाखला आणून लावला होता, सदर विद्यार्थ्याची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे, खाली गोल शिक्का. आपल्याकडे कॉलेजात शिफारस मागितली की हाच कागद हातात पडतो. मास्तर खिडकीतून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "ते जर्मन लोक तुयं लगन जमवून राहिले का?"

पाकीट त्यांनी घेतलं नाही. रांग हसली, आशिष रडकुंडीला आला. संध्याकाळी मात्र मास्तर स्वतः पंक्चरच्या दुकानात जाऊन बसले आणि विद्यापीठाच्या सूचना पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पुढचे पंधरा दिवस ते रोज गेले. आशिष जर्मनीला लागला. मग सालेकस्याची एक मुलगी आली, मग अर्जुनीचे दोघे. निवृत्तीनंतर तर मास्तरांना दुसरा उद्योगच उरला नाही. फी ते घेत नाहीत. घेतली असती तर बरं झालं असतं, निदान हक्कानं भांडता आलं असतं.

नावानं ते कोणालाच हाक मारत नाहीत. मी "ए नवेगाव". माझ्या आधीचा एक जण "ए सालेकसा". एकदा दोघी सालेकस्याच्याच होत्या, तर एक सालेकसा आणि दुसरी सालेकसा स्टेशन. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नावं लक्षात राहत नसतील.

माझं काम सरळ होतं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठात तळ्यांचा, म्हणजे तळ्यातल्या जिवांचा अभ्यास करायला जायचं होतं. त्याच्या अर्जाची मुदत जानेवारीअखेर संपत होती. तिथे शिकवण्याची फी नव्हती, पण जागा थोड्या होत्या आणि सगळा भर एका पत्रावर होता. तुम्हाला हेच का शिकायचं आहे, हे दोन पानांत लिहायचं. या वर्षी नाही झालं तर घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होणार होतं. मामा स्थळ घेऊन बसलाच होता.

हे पत्र मी आधीच परदेशी प्रवेशाची कामं करणाऱ्या नागपूरच्या एका काचेच्या ऑफिसातून लिहून घेतलं होतं. गुळगुळीत इंग्रजी, सुरुवात अशी की मला लहानपणापासून विज्ञानाची विलक्षण ओढ आहे. मास्तरांनी चष्मा लावला, वाचलं आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"ही स्नेहा कोन?"

मी पाहिलं. मधल्या एका वाक्यात चक्क लिहिलं होतं, मी, स्नेहा, अत्यंत कष्टाळू आहे. माझं नाव मंजुषा आहे. काचेच्या ऑफिसात बिचारीचं नाव एका ठिकाणी बदलायचं राहिलं होतं. मास्तरांनी पत्राचे आधी दोन, मग चार तुकडे केले आणि बादलीत टाकले. मी ते पत्र डोक्यावर घेऊन नाचले होते म्हणून मला जास्तच लागलं.

"आता सांग. तलावच शिकाचा हाय. काऊन?"

"आवडतं म्हणून."

"काऊन आवडते?"

"असंच."

"असंच म्हनाले जर्मनीले कायले जातेस? असंच तं नवेगावलेबी म्हनता येते."

हा काऊन, म्हणजे आमच्याकडचा 'का', हे मास्तरांचं हत्यार. आपण काही उत्तर दिलं की ते त्याच्यावर आणखी एक काऊन ठेवतात. चौथ्या काऊनला माणूस गप्प होतो, पाचव्याला रडतो. माझी त्यांनी एकूण चार पत्रं फाडली. प्रत्येक वेळी नवेगाव बांधहून एसटीनं यायचं, उभं राहायचं, काऊन ऐकायचं आणि बादलीत स्वतःचे तुकडे पाहून परत जायचं. घरी मी आदळआपट करायची. आई म्हणायची, भांड्यांचा काय दोष.

शेवटी बाबा म्हणाले, "मी येतो. मानसासारखं बोलू त्याच्याशी."

माझे बाबा धीवर आहेत, तलावावर मासेमारी करतात. आयुष्यात ते मोठ्या आवाजात बोललेले नाहीत. मास्तरांशी बोलायला हाच माणूस निघाला म्हटल्यावर मला हसूच आलं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला आणि येताना एक मरळ आणली, केळीच्या पानात गुंडाळून. मास्तरांनी मरळ घेतली, खुर्ची बाबांना दिली. मी चार वेळा उभी होते, हे मी तेव्हाही मोजलं.

मग मास्तर मला घेऊन चौकात झेरॉक्स काढायला गेले. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही, मी शिक्क्याची कडा कापते म्हणे. तिथे पाऊण तास गेला. परत आलो तर बाबा आतल्या खोलीतून ओढून आणलेल्या स्टुलाशेजारी हात पुसत उभे होते आणि चेहरा अगदी प्रसन्न.

"मास्तर, सारेच घड्याळ मागं पडले होते," बाबा म्हणाले. "बसून काय करू म्हनलो, साऱ्याईले लावून देलो."

भिंतीवर सातही घड्याळांत सव्वा वाजला होता. अगदी बरोबर, मिनिटाला मिनिट.

मास्तरांनी पहिल्यापासून सातव्यापर्यंत एकेक घड्याळ पाहिलं. मग त्यांनी माझी फाइल उचलून बाबांच्या हातात दिली.

"निघा."

"मास्तर, चुकलं का काही?" बाबांनी विचारलं.

"निघा म्हनलो ना."

मुदत संपायला नऊ दिवस होते.

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाबा फाइल मांडीवर धरून सारखं तेच बोलत होते. "एवढा राग कायले आला असन? मागून नावंबी होती प्रत्येक घड्याळावर. मले वाटलं, भेट देल्लेल्याईची असतील. आपल्या घरी लगनातल्या घड्याळावर नाई का मामाचं नाव." मी ऐकत नव्हते. मला बाबांचा राग आला होता, त्याच्यापेक्षा जास्त मास्तरांचा, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा की माझ्या बापानं सात वेळा स्टुलावर चढून कोणाचं तरी काम केलं आणि त्याला दार दाखवलं गेलं.

घरी येऊन मी कागद घेतला आणि बसल्या बैठकीला लिहून काढलं. पत्र जर्मनांना होतं, पण लिहिताना समोर मास्तर होते. लिहिलं, काऊन ते ऐका आता. माझे बाबा लहान होते तेव्हा आमच्या तलावात किती तऱ्हेचे मासे मिळायचे ते त्यांना तोंडपाठ आहे, जेवताना ते नावं घेतात आणि त्यातले निम्मे मी पाहिलेले नाहीत. जास्त उत्पन्न येईल म्हणून मोठ्या माशांचं बीज सोडलं, ते आमच्याच लोकांनी सोडलं, बाबाही त्यात होते. पाण्याखालचं गवत संपलं, गवतात अंडी घालणारे गेले, काठावर बेशरमीची झुडपं माजली. काय गेलं ते सांगणारे म्हातारे आमच्या गावात आहेत. ते परत कसं आणायचं हे सांगणारं कोणी नाही. बाबा मला विचारतात, तू एवढी शिकली, तुले मालूम असन. मला मालूम नाही, आणि याची मला चीड येते. म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी एकटीच कोहमाऱ्याला गेले. पत्र त्यांच्या तोंडावर फेकायचं, बाबांची माफी मागायला लावायची आणि मग पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही, असं ठरवूनच गेले होते.

दार उघडं होतं. भिंतीवर तीन घड्याळांत सात वाजले होते, चारांत साडेअकरा. मास्तर खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"काल तीन झाले," ते म्हणाले. "गुडघा वाकत नाई. स्टुलावर दिवसाले तीनदाच चढता येते."

मी स्टूल ओढलं, चढले आणि चौथं घड्याळ काढलं. मागे पोस्टाच्या लेबलची पट्टी चिकटवलेली होती. त्यावर बॉलपेननं, मनिऑर्डरवर लिहितात तसल्या नेटक्या अक्षरात, आशिष. खाली जर्मनीतल्या एका शहराचं नाव. पाचव्याच्या मागे लीना. सहाव्याच्या मागे प्रफुल्ल, पोलंड.

"साडेचार तास मागं घे," मास्तर खालून म्हणाले. "लीना आता उठली असन. आशिष नाई उठत, तो आळशी हाय."

"मास्तर, सगळीकडे वेळ एकच आहे. मग एकच घड्याळ पुरलं असतं."

"सात जनाईले एका ताटात वाढतेस का तू?"

मी काटे फिरवले. मग विचारलं, "फोन करतात का हे?"

"करतात ना. व्हिसा अडला का करतात. कोनता कागद हरपला का करतात." मास्तर तेलाच्या बाटलीला झाकण लावत होते. "नाई अडलं तं कायले करतील?"

तक्रार नव्हती त्यात. पावती फाडावी तसं त्यांनी सांगितलं. मला राग आला, पण या वेळी कोणाचा ते नीट कळेना.

सातवं घड्याळ टांगून मी खाली उतरले आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, फेकलं नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी बादलीकडे बघत उभी होते. मास्तरांनी फक्त एका ठिकाणी स्वल्पविराम दिला.

"मरळ तरी हाय ना अजून तलावात? कालची चांगली होती."

"आहे. कमी आहे."

"मंग लवकर जाय. अना बापाले सांग, घड्याळ बरोबर लावले होते त्यानं. मीच येडा हाय."

ही त्यांची माफी. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "येडा नाई तो. पन गुडघ्याले वाताचं तेल देऊन ये."

एप्रिलात प्रवेशाचं पत्र आलं. मी पेढे घेऊन गेले, तर मास्तर पेढ्यांवरून ओरडले, शुगर आहे म्हणून. मग डबा माझ्या हातातून काढून घेतला. निघताना एकच विचारलं, तिथल्या गावाचं नाव काय, आणि ते मला दोनदा उच्चारायला लावलं.

आता मी त्या गावात राहते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं घेतात. फोनमधली वेळ आपोआप बदलली, ती पाहून मला एकदम ते स्टूल आठवलं. सकाळचे आठ वाजले होते. मी कोहमाऱ्याला फोन लावला.

"काय अडलं?" हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत.

"काही नाही अडलं. इथे आज वेळ बदलली, तेच सांगायला."

"मले मालूम नाई का? परवापासून चढून राहिलो मी स्टुलावर. आठही घड्याळ झाले. तुयं पाच मिनिटं पुढं ठेवलो, तू सगळीकडं उशिरा पोचतेस." मग पुन्हा, "कागद हरपला का कोनता?"

"नाही मास्तर."

"मंग फोन काऊन केला?"

"असंच," मी म्हटलं.

याच शब्दापायी त्यांनी माझी पत्रं फाडली होती. मी पुढच्या काऊनची वाट पाहत राहिले. तो आला नाही. पलीकडे एक ट्रक गेला, त्याच्यामागे घड्याळांची टकटक ऐकू येत राहिली.

"बरं," मास्तर म्हणाले. "आठ वाजले तुयाकडं. चहा पेलीस का, मंजुषा?"

मी प्यायले नव्हते. प्यायले म्हणून सांगितलं, नाहीतर पुन्हा ओरडले असते.