केळी पिकली १९८३ साली

गुरुवारी सकाळी युवराज कोल्हेंच्या मोबाइलवर मेसेज आला : ‘आपली केळी १२ मार्च १९८३ रोजी पिकून तयार झाली आहेत. माल उचलावा.’

"सविता!" युवराजभाऊ ओट्यावरूनच गरजले. "तुझ्या पोरीनं माझं नाक कापलं!"

पोरीनं काही चांगलं केलं की ती युवराजभाऊंची असते, हे अख्ख्या असोद्याला ठाऊक आहे.

केळी मंगळवारी पिकवायच्या खोलीत ठेवली होती. रविवारी देवपूरला सविताच्या भावाच्या, नवलच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना वाटायची केळी युवराजभाऊंनी अंगावर घेतली होती, आणि ती प्रेमापोटी मुळीच नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत हाच नवल भरीत वाढत होता आणि नेमकं नवरदेवाच्या ताटापाशी पातेलं संपलं होतं. आता सांगा! ज्या असोद्याच्या वांग्यांचं भरीत जग खातं, त्या असोद्याचा नवरदेव सासुरवाडीत कोरडी पुरी खाऊन उठतो, ही काय रीत झाली? म्हणून पिवळीधमक केळी नेऊन नवलला दाखवायचं होतं, की शब्द असा पाळायचा असतो.

त्यासाठी इंजिनिअरिंगला असलेल्या लेकीनं, वृषालीनं खोलीत एक डबी बसवली होती. डबी दर मिनिटाला केळ्यांचा रंग मोजायची, त्या मापांमधून सरळ रेष ओढायची आणि ती रेष पिवळ्या रंगाला कधी टेकेल ते सांगायची.

एवढ्यात नवलचा फोन आला. "दाजी, मलाही मेसेज आला. तारीख काही कळली नाही, पण तयार आहेत ना? टेम्पो पाठवलाय. लोटन निघाला पण."

"अरे, थांबव त्याला!"

"आता कुठला थांबतो? पारोळ्याच्या रस्त्याला लागलासुद्धा असेल."

युवराजभाऊ खोलीकडे धावले. दार उघडलं तर आत हुडहुडी भरली. माल पिकलाच आहे म्हटल्यावर डबीनं पिकवायचा गॅस बंद करून खोली थंडगार करून टाकली होती. पोपटासारखी हिरवीगार केळी क्रेटमध्ये निवांत पडली होती.

दोन तासांनी लोटन टेम्पोतून उतरला, आत डोकावला आणि म्हणाला, "भाऊ, माल ते बठ्ठा हिरवा शे!" वर त्यानं फोटो काढून नवलला पाठवलासुद्धा. कुणी सांगितलं होतं फोटो काढायला?

नवलचा पुन्हा फोन. "दाजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. नसेल जमत तर मी यावलहून मागवतो."

"यावलहून!" युवराजभाऊंचा आवाज फुटला. "मी जिवंत असताना? मागव, खुशाल मागव! मी साखरपुड्यालाच येत नाही!" त्यांनी फोन कापला आणि वृषालीकडे वळले. "बोला, मॅडम!"

वृषाली लॅपटॉपवरून डोकं वर काढत म्हणाली, "पप्पा, चूक सापडली. डबी वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासून, सेकंदांत."

"सत्तर सालापासून? माझा जन्म नव्हता तेव्हा! केळी ठेवली परवा मंगळवारी, आणि ही बया सत्तर सालापासून मोजते?"

"सगळे कॉम्प्युटर तसंच मोजतात. पण तो आकडा अब्जांत जातो. रेष ओढायला त्याचे वर्ग करावे लागतात, एकातून एक वजा करावे लागतात. एवढे लांब आकडे डबीत मावत नाहीत, ती शेवटचे आकडे सोडून देते. आपले दोन दिवस त्या सोडलेल्या आकड्यांतच गेले. मग रेष कुठंही जाते."

"मूर्खपणा आहे हा! एवढं जुनं उकरून काढायचं आणि परवाचं दिसायचं नाही? कोण शहाणा असा हिशेब करतो?"

"तुम्ही," दारातून सविता म्हणाली.

सगळे दाराकडे वळले. लोटनसुद्धा.

"नवलनं फोन उशिरा उचलला, की भरीत. दिवाळीला उशिरा आला, की भरीत. आज बिचारा तुमची अडचण बघून केळी मागवतो म्हणाला, तर त्यातही भरीत. तुमचं सगळं आपल्या लग्नापासून सुरू होतं. आज काय झालं ते दिसतं कुठं तुम्हाला?"

युवराजभाऊ डबीवरच खेकसले, "हिचं आधी नीट कर!"

वृषालीनं मंगळवार म्हणजे शून्य धरलं. डबीनं लगेच ‘रविवार सकाळ’ सांगितलं, गॅस चालू केला, आणि रविवारी पहाटे केळी खरोखरच पिवळी झाली. टेम्पोत पुढच्या सीटवर युवराजभाऊ स्वतः बसले होते.

पंगत बसली. नवल भरिताचं पातेलं घेऊन थेट दाजींपाशी आला. अजून कुणालाच वाढलं नव्हतं. त्यानं वाकून ताटात एक मोठा डाव घातला, मग दुसरा.

"हे आजचं," तो हळूच म्हणाला, "आणि हे त्या दिवशीचं राहिलेलं. मलाही रोज आठवतं, दाजी."

युवराजभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी मान खाली घालून पहिल्या डावातलं भरीत खाल्लं, मग दुसऱ्यातलं. सविता पदराआड हसत बघत होती.

"नवल!" युवराजभाऊ अचानक ओरडले, आणि अख्खी पंगत थांबली. "हे त्या दिवशीचं गार झालंय!"