इजिप्तच्या पोथीची फलश्रुती

"कुशाआजी, कुत्र्याच्या तोंडाचा देव असतो का गं?"

हा प्रश्न विचारायची माझी हिंमत होणार नाही, असं माझ्या मैत्रिणींचं, शालन आणि कुसुमचं म्हणणं. का, तर अख्ख्या मोशीत कुशाआजीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. पण मी पडले चिंचवडच्या शाळेत नववीत जाणारी विदुषी! मी काय शेजारच्या म्हातारीला भिणार?

कुशाआजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असंल की. कुठं लिवलंय?"

"ह्या पुस्तकात," मी म्हणाले, आणि तिथंच फसले.

पुस्तक शाळेच्या कपाटातलं, मुलांसाठीची साहसकथा. इजिप्तमधला एक पोरगा चुकून सूर्यदेवाच्या नावेत चढतो, नाव पाताळात शिरते आणि धाकटी बहीण त्याला सोडवायला निघते. वाटेत ससाण्याच्या तोंडाचा देव, मांजरीच्या तोंडाची देवी आणि आगगाडीएवढा साप. कुशाआजीनं एकेक चित्र डोळ्यांशी नेऊन पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"आगं बया, ही तर पोथी हाय! आन् तू ती शेणाच्या हातानं धरलीस? तेबी श्रावणात?"

दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत पाट, पाटावर पुस्तक, पुस्तकावर जास्वंद. वाचायला मी, समोर निम्मी आळी. आंघोळ केल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, कांदा खायचा नाही आणि सुरू केलेली पोथी मधे सोडायची नाही. मी एकदा चार पानं एकदम उलटली, तर कुशाआजी लगेच म्हणाली, "बाई, मघाशी पोरगी मगरीच्या तोंडात हुती. भाईर कवा आली?" म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण मगर तिच्या हिशेबातून सुटत नव्हती.

मांजरदेवीचा अध्याय झाला त्या दिवशी आमच्या बोक्यानं शिंक्यावरचं दही फस्त केलं. एरवी आईनं त्याला लाटणं फेकून मारलं असतं. आज हात जोडून म्हणाली, "घे बाबा, तुझंच हाय."

हे सगळं मी मजेत घेत होते. कालपर्यंत 'इंदे' म्हणणाऱ्या बायका आता 'इंदुताई' म्हणत होत्या. ते कुणाला नकोय?

मग निघोज्याच्या सगुणाबाई आल्या. बागायतदारीण. त्या डोळे मिटून बसल्या, सापाचा शिरच्छेद ऐकला आणि आबांना म्हणाल्या, "पोरगी खडाखडा वाचती. आमच्या पोराला, लक्ष्मणाला द्या. समाप्तीला नारळ देऊन सोयरीक पक्की करू. शाळा काय, पुरे झाली आता."

आबा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात फिटर. साहेबाला उलट बोलतील, पण बागायतदाराला नाही. "तुमी म्हणाल तसं," म्हणाले.

मी तिथल्या तिथं सगळं कबूल केलं. "ही पोथी नाही हो! लहान मुलांच्या गोष्टीचं पुस्तक आहे. मला काहीसुद्धा भक्ती नाही."

सगुणाबाई आईकडे वळल्या. "बगा, किती लीन पोरगी! येवढी भक्ती करून म्हणती, भक्ती न्हाई."

समाप्तीच्या दिवशी नारळ घेऊन सगुणाबाई पहिल्या रांगेत. भाऊबहीण एकदाचे पाताळातून वर आले आणि मी पुस्तक मिटलं.

"आन् फलश्रुती?" कुशाआजी म्हणाली. "वाचल्यानं काय मिळतं ते वाच की."

बरोबर आहे. फळ सांगितल्याशिवाय पोथी संपते होय? मी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि सूर लावला:

"जी कुमारी हा ग्रंथ वाची, तिने पायरी चढावी अकरावीची, तोवरी काढिता गोष्ट लग्नाची, साप येई दारासी."

आईनं दाराकडे पाहिलं. आबांनी पाय वर घेतले.

"इजिप्ताचा साप हो," कुशाआजी दबक्या आवाजात म्हणाली, "लई लांबडा."

सगुणाबाईंनी नारळ परत पिशवीत घातला. मला वाटलं, जिंकले! मनातल्या मनात मी सूर्याच्या नावेत उभी राहून हात हलवत होते.

"पोथीचा शबुद मोडायचा न्हाई," सगुणाबाई पदर सावरत म्हणाल्या. "म्याट्रिकची अकरावी पास झाली रे झाली, की त्याच सांजंला साखरपुडा. तवर आमचा लक्ष्मणबी सातवी काढंल. दोनदाच नापास झालाय."

आबांचा चेहरा उजळला. आईनं सगळ्यांना प्रसाद वाटला. फलश्रुती मीच रचलेली, तेव्हा ती खोटी आहे म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.

पाहुणे गेले, पाट उचलला, रांगोळी झाडली. मग मी आईआबांसमोर उभी राहिले आणि जमेल तितक्या गंभीरपणे म्हणाले, "माझं ठरलंय. मी शाळा सोडणार नाही, अभ्यासही मन लावून करणार, आणि अकरावीत दर वर्षी नापास होणार."