धरून का सोडून?

निरगुडसरात आमच्या शेजारच्या दत्ताला 'शुक्रवारपर्यंत येतो' असं सांगायची सोय नाही. तो लगेच विचारतो, "शुक्रवार धरून का सोडून?" एका लग्नपत्रिकेत 'भोजन सात ते दहा' वाचून त्याने वरबापाला विचारलं होतं, "धाच्या ठोक्याला आलो तर ताट मिळंल का न्हाई?" वरबाप अजून त्याच्याशी बोलत नाही.

दत्ता पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्रॅम लिहितो. दोन वेळांमधलं अंतर मोजायचं, एवढंच काम. त्यासाठी म्हणे तारखांची लायब्ररी असते. पुस्तकं किती, असं मी विचारल्यावर त्याला माझी कीव आली.

"मास्तर, काळाच्या तुकड्याला सुरुवात पायजे आन् शेवट पायजे. शेवट नसला का तुकडा उघडा ऱ्हातो. लई वंगाळ."

हे तो अशा आवाजात सांगतो, की मी घरी जाऊन कडी तपासतो.

बिबट्याची भीती इथे सगळ्यांनाच. आम्ही मोबाईलवर भजनं लावून चालतो. दत्ताने मात्र प्रोग्रॅम केला: आई गवताला निघाली की बटण, परतली की बटण.

शेजारच्या उसाची तोड ठरली. मुकादम मंगळवारी सांगून गेला, "आठ दिवसांनी टोळी आणतो." ऊस पडू लागला की आतलं जनावर बाहेर पडतं. दत्ताने मंगळवारात आठ मिळवले, बुधवार आला. बुधवारी आईला घराबाहेर सोडायचं नाही, असं त्याने मलाही दोनदा बजावलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. उसातून कोयत्यांचा आवाज आला.

"टोळी आज कशी?"

"अरे, मंगळवार ते मंगळवार आठ दिवस. दोन्ही धरून," मी म्हणालो.

दत्ता ताडकन उठला. "आई त्याच बांधाला गेलीया."

तेवढ्यात ओरडा उठला, "वाघ! वाघ!"

आम्ही धावलो, माझ्या हातात कप तसाच. बांधावर अर्धा बांधलेला भारा, शेजारी विळा. आई नव्हती. दत्ता वाकून उसात बघू लागला.

"तिकडं काय बघतोस? हितं हाय मी!" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आई म्हणाली. तोडणीच्या बायांनी तिला वर ओढून घेतलं होतं. "माझा इळा घे आधी."

घरी आल्यावर दत्ता आईसाठी पाणी काढू लागला आणि मला म्हणाला, "मास्तर, तेवढं बटण दाबा." मी मोबाईल घेतला. आईच्या ओळीखाली माझं नाव. मास्तर: फिरायला निघाले, परत आले. रोजचं, कित्येक महिन्यांचं. एकही तुकडा उघडा नव्हता.

"माझं कशाला रे?"

"तुमी एकटं ऱ्हाता. तुमचा शेवट कोण टाकणार?"

हल्ली फिरून आलो की मी त्याच्या खिडकीखाली मोठ्याने खाकरतो, आणि आतून "बरं" ऐकू येईपर्यंत थांबतो.